गवताला सुकू द्या

एप्रिलच्या अखेरीस साक्रीहून पिंपळनेरकडे निघावं. नांगरून ठेवलेल्या काळ्या रानात ढेकळं तापत पडलेली असतात, माळावरचं गवत पिवळ्याचं पांढुरकं झालेलं असतं, आणि बांधावरचा कडुनिंब सोडला तर हिरवं म्हणावं असं फारसं काही नजरेला पडत नाही. तेवढ्यात रस्त्याकडेला एक मोठं फाटक येतं. वर मंगल कार्यालयाचं नाव, त्यापुढे ‘लॉन्स’, आणि आत एकरभराचा गुळगुळीत हिरवा चौकोन. असे चौकोन आता खानदेशात तालुक्या-तालुक्याच्या गावाबाहेर दिसतात. त्यांचं पाहून बंगल्यांपुढे, शाळांपुढे, कार्यालयांच्या आवारात लहान चौकोन आले. हौसेने लॉन लावणारे बरेच जण दोन-तीन वर्षं झगडतात, मग पाण्यापुढे हात टेकतात किंवा प्लास्टिकचं गवत अंथरतात, आणि आपल्याकडे गवत धरतच नाही असं सांगू लागतात.

मला हे पटत नाही. खानदेशात गवत उत्तम धरतं. शेतात हरळी शिरलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. खोल नांगरट करा, तिच्या जमिनीखालच्या काश्या वेचून बांधावर जाळा, पुढच्या पावसात ती बांधावरून पुन्हा शेतात उतरते. हीच हरळी आपण दूर्वा म्हणून गणपतीला वाहतो आणि हिचीच निवडक वाणं नर्सरीत ‘बर्म्युडा’ म्हणून विकली जातात. जगभरच्या उष्ण प्रदेशांतली खेळाची मैदानं हिच्याच कुळावर उभी आहेत. तेव्हा गवत न धरण्याचा प्रश्नच येत नाही. ते वैशाखातही हिरवं दिसलं पाहिजे ही अट आपण घातली आहे, आणि लॉनच्या जवळपास सगळ्या अडचणी त्या एका अटीच्या पोटातून निघतात.

साक्री हा तालुका हे समजून घ्यायला फार चांगला आहे, कारण इथे एकाच तालुक्यात दोन हवामानं नांदतात. पश्चिमेला कुडाशी-वार्साकडचा पट्टा सह्याद्रीला खेटून आहे. तिथे भात आणि नागली पिकते. तिथून पूर्वेला यावं तसा डोंगराच्या आडोशाने पाऊस झपाट्याने उतरतो, आणि साक्री शहराच्या बाजूला वर्षाची सरासरी 500 मिलिमीटरच्या आसपास येते. तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. मार्चपासून पारा चढू लागतो आणि मेमध्ये 42-43 अंशांचं कोणाला नवल वाटत नाही. म्हणजे इथल्या गवताला वर्षातून दोन परीक्षा द्याव्या लागतात. एक पावसाळ्यातल्या कोंदट, ढगाळ ओलीची आणि दुसरी उन्हाळ्यातल्या कोरड्या आगीची. बाहेरून आणलेलं, लाडावलेलं लॉन या दोन्हींत नापास होतं. गावचं गवत दोन्हींत तरून जातं, पण आपल्या पद्धतीने.

ती पद्धत काय आहे, हे नीट पाहण्यासारखं आहे. लॉनची कल्पना जिथून आली त्या इंग्लंडात वर्षभर थोडा-थोडा पाऊस पडतो आणि उन्हाळाही सौम्य असतो. तिथली राय, फेस्क्यू ही गवतं पंचविशीच्या पुढे तापमान गेलं की ढेपाळतात. पानातलं कार्बन पकडणारं विकर उष्णतेत कार्बनऐवजी प्राणवायूही पकडू लागतं आणि कमावलेल्यातलं बरंच वाया जातं. हरळी, मारवेल, ज्वारी, बाजरी, ऊस यांच्या पानांत मात्र कार्बन आधी गोळा करून मग त्या विकराभोवती त्याची दाटी करण्याची सोय असते. म्हणून तीस-पस्तीस अंशांत ही मंडळी जोमात असतात आणि तेवढ्याच वाढीसाठी पाणीही कमी घेतात. ओल असेपर्यंत खानदेशचं ऊन हरळीला मानवतं. ओल संपली की ती पानं वाळू देते, जीव जमिनीखालच्या काश्यांत आणि मुळांत आवरून धरते आणि थांबते. वरून पाहणाऱ्याला ती मेलेली वाटते. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की आठवडाभरात हिरवे कोंब दिसतात. लाखो वर्षं मोसमी पावसाच्या तालावर जगताना गवताने हे थांबणं कमावलेलं आहे.

आपण नळी घेऊन उभे राहतो आणि नेमकं हे थांबणं मोडतो. रोज संध्याकाळी वरवर पाणी मारलं की मुळांना खाली जायचं कारणच उरत नाही. साक्रीजवळच्या एका लॉन्सवर राबणाऱ्या माळीबाबांनी मला हे हाताने दाखवलं. त्यांनी हिरव्या चौकोनातला वीतभर तुकडा खुरप्याने उचलला. तो गोधडीची घडी उचलावी तसा अलगद वर आला. खाली दोन बोटं लाल माती, त्यात मुळांची दाट जाळी, आणि त्याखाली काळी माती जशीच्या तशी, एकही मूळ न शिरलेली. मग ते कुंपणाच्या कोपऱ्यात गेले, जिथे पाइप पोचत नाही. तिथल्या वाळलेल्या हरळीखाली त्यांनी खुरपं घातलं तर पांढरीशुभ्र, गाठीगाठींची काशी निघाली. ओढून तुटली, पण उपटून आली नाही. ‘येले एक दिन पानी नही दिनं ते बठ्ठं जयी जास, भाऊ,’ ते लॉनकडे हात करून म्हणाले, ‘आन तठली पानीबिगर बी मरत नही.’ गवताच्या शरीरशास्त्रावरची पानंच्या पानं या दोन वाक्यांत आहेत.

आता त्या लाल मातीकडे वळू, कारण खर्चाची आणि कष्टाची खरी सुरुवात तिथून होते. आपली काळी माती कपाशीला, ज्वारीला सोन्याची. लॉनवाल्याला ती नकोशी होते, कारण ती ओलीत फुगते, पायाला चिकटते, पाणी धरून बसते आणि वैशाखात बोट जाईल एवढ्या भेगा देते. म्हणून ट्रकने लाल माती आणून काळीवर चार-सहा इंच पसरायची रीत पडली. ती माती कुठल्या तरी टेकडीच्या पोटातून येते, हे एक. दुसरं म्हणजे दोन वेगळ्या पोताच्या थरांची सीमा मुळांनाही अडवते आणि पाण्यालाही. उन्हाळ्यात वरचा पातळ थर दिवसाभरात कोरडा होतो. श्रावणात पाणी खाली मुरत नाही आणि मुळं गुदमरतात. बोअरचं पाणी बहुधा जड असतं. काही महिन्यांत जमिनीवर पांढरा क्षार फुटतो, गवताला लोह मिळेनासं होतं आणि पानं पिवळी पडतात, शेतकरी ज्याला केवडा पडणं म्हणतात तसं. घरमालकाला वाटतं खत कमी पडलं. तो युरिया टाकतो. गवत चार दिवस लुसलुशीत होतं आणि ती कोवळीक थेट पावसाळ्याच्या तोंडी जाते.

पावसाळ्यात गवताला सुख असेल असं आपण धरून चालतो, पण जपलेल्या लॉनला खरा धोका तेव्हाच असतो. रात्री उबदार, दिवसा ऊन नाही, पानांवर सतत पाण्याचा पापुद्रा. बुरशीला याहून अधिक काही लागत नाही. गुळगुळीत दिसावं म्हणून गवत अगदी बुडाशी कापलेलं असलं, की अन्न बनवायला पानही उरत नाही, आणि तपकिरी वर्तुळं वाढत एकमेकांत मिसळतात. त्यातून लव्हाळा येतो. तो उपटला की समाधान वाटतं, पण खाली त्याच्या गाठी राहतात आणि एकाचे चार होऊन वर येतात. कडेने गाजरगवत शिरतं. जमिनीत हुमणी मुळं कुरतडते. मग औषधं आणावी लागतात, आणि ज्या गवतावर मुलांनी अनवाणी धावावं म्हणून ते लावलं, त्यावरच पाय ठेवू नका असं मुलांना सांगायची पाळी येते.

लग्नाच्या लॉनचं दुखणं आणखी वेगळं आहे. ओल्या मातीवर हजार माणसं उभी राहिली, मंडपाचे खांब रोवले, खुर्च्यांच्या रांगा ओढल्या, की मातीतली हवेची जागा दाबली जाते. अशी माती सुकल्यावर विटेइतकी टणक होते आणि पुढच्या पाण्याचा थेंबही आत घेत नाही. शिवाय लग्नाच्या दिवशी पाहुण्यांच्या पायाला माती लागू नये, साड्यांना ओल लागू नये म्हणून त्या गवतावर मॅट अंथरतात. तीन महिने ज्या हिरव्यासाठी पाणी ओतलं ते त्या दिवशी मॅटखाली असतं आणि दोन दिवसांनी मॅट उचलल्यावर पिवळं निघतं. हे पाहताना मला दर वेळी वाईट वाटतं, माळ्यासाठी आणि पाण्यासाठीही.

पाण्याचा हिशेब अवघड नाही. मेच्या उन्हात हिरवं ठेवलेलं गवत दिवसाला साधारण 5 मिलिमीटर पाणी हवेत सोडतं. वाऱ्याच्या दिवशी जास्तच. एका चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 1 लिटर. एका एकरात चार हजारांवर चौरस मीटर भरतात. म्हणजे रोजचे 20 हजार लिटर, आणि मार्च ते मे या तीन महिन्यांचे 18 लाख लिटर. फवाऱ्यातून वाऱ्यावर जाणारं पाणी यात धरलेलं नाही. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी ठरवलेलं पाणी रोजचं 55 लिटर आहे. तेव्हा एकरभर लॉन रोज 360 माणसांचं पाणी पितं, आणि नेमकं त्याच महिन्यांत पितं जेव्हा लग्नांची दाट तिथ असते आणि विहिरी तळाला गेलेल्या असतात.

महाराष्ट्राने हा वाद एकदा मोठ्या पटावर पाहिला आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होतं आणि त्याच वेळी क्रिकेटची मैदानं आयपीएलसाठी भिजत होती. लोकसत्ता मूव्हमेंट या संस्थेच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 13 एप्रिलला निकाल दिला आणि 30 एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितलं. तेव्हा अनेकांनी हिशेब मांडला की मैदानांच्या पाण्याने लातूरची तहान भागणार नव्हती, आणि उसाला लागणाऱ्या पाण्यापुढे ते काहीच नव्हतं. हिशेब बरोबर होता. तरी मला तो निकाल योग्य वाटला होता आणि आजही वाटतो, कारण न्यायालयापुढचा प्रश्न पाणी आधी कोणाचं हा होता. साक्रीत तर तो बचावही टिकत नाही. मुंबईचं मैदान आणि लातूरचा हंडा यांच्यात शेकडो किलोमीटर होते. इथे लॉन्सचं बोअर आणि शेजारच्या वस्तीची विहीर एकाच काळ्या पाषाणाच्या भेगांतून पाणी ओढतात. आपल्या दख्खनच्या खडकात पाण्याचे मोठे साठे नसतात; वरचा मुरमाड थर आणि खालच्या सांधी यांत मावेल तेवढंच. एकाने खोल जाऊन उपसलं की दुसऱ्याची विहीर आटते. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत मनमानी नवी विहीर खोदायला महाराष्ट्राने 1993 च्या भूजल कायद्याने मनाई केली, ती याच कारणाने.

खरं तर या भागाला पाण्याच्या मापाने हिरवं किती ठेवायचं हे बाहेरच्या कोणी शिकवायची गरज नाही. पांझरा, कान, बुराई, मोसम या नद्यांवर शेकडो वर्षं फड पद्धत चालली. नदीवर छोटा बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे, ते फड. एका फडात एकच पीक, दर वर्षी फेरपालट. पाटकरी पाणी सोडायचा, जागल्या राखण करायचा, हवालदार देखरेख ठेवायचा, आणि यांचा मोबदला शेतकरी पिकातून द्यायचे. यातला सर्वांत मोलाचा भाग मला हा वाटतो की यंदा किती फड भिजवायचे ते पाणी पाहून ठरे. पाणी कमी असलं की एखादा फड कोरडा ठेवत. बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे कोरड्या फडाचा तोटा सर्वांत वाटला जाई आणि भांडणाला जागा कमी राही. वर लाटीपाडा, मालनगाव अशी धरणं झाली, नदीचा उन्हाळी प्रवाह बदलला, विहिरी आणि पंप आले, आणि फड क्षीण झाले. बंधारे अजून दिसतात. पण कोरडा फड पाहून लाज वाटू नये, उलट त्यात शहाणपण दिसावं, ही जी नजर त्या व्यवस्थेने शेकडो वर्षं घडवली, ती आपण एका पिढीत घालवून बसलो आहोत. हिरवं म्हणजे जिवंत आणि पिवळं म्हणजे मेलेलं, अशी एक उथळ वाटणी तिच्या जागी आली.

या वाटणीचा फटका लॉनपुरता राहत नाही. सरकारी नकाशांतही खुलं गवताळ माळरान ‘पडीक’ या खात्यात जमा होतं. साक्रीचा पूर्व भाग अशा माळांनी भरलेला आहे. पवन्या, कुसळी, मारवेल अशी गवतं तिथे वाढतात. दिवाळीच्या सुमाराला ती कापली, वाळवली की वर्षाचा चारा होतो. पिवळं पडणं हेच तिथे पीक हाती येणं असतं. ठेलारी मेंढपाळांची अख्खी उपजीविका या माळांवर उभी राहिली. पश्चिम खानदेशात रोशा गवताचं तेल गाळायचा धंदा इंग्रजांच्या काळात नावाजलेला होता. असा माळ ‘रिकामा’ म्हणून कोणत्याही कामाला काढून द्यायचा आणि गावाच्या वेशीवर टँकरने भिजवलेल्या चौकोनाला हिरवळ म्हणून मिरवायचं, ही गवताची उलटी किंमत आहे. पवनचक्क्या आणि सौरप्रकल्प नकोत असं मी म्हणत नाही. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या या तालुक्याची ओळख झाल्या आहेत. पण जमीन देताना तिथे आधी काही उगवतच नव्हतं असं लिहिणं खोटं आहे.

याच तालुक्यात बारीपाडा आहे. चैत्राम पवार यांना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा राज्याला ते नाव कळलं, पण काम त्याआधी तीन दशकं चाललं होतं. त्या आदिवासी गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली, मोडणाऱ्याला दंड ठेवला, चर खोदले, बांध घातले. उजाड डोंगर पुन्हा जंगल झाला, पाणी आलं, आणि आता तिथल्या रानभाज्यांच्या स्पर्धेला दुरून माणसं येतात. बारीपाड्याचा पाऊस साक्री शहरापेक्षा जास्त, हे खरं. तरी तिथे बाहेरचं काही आणून रुजवलेलं नाही. जे होतं त्याला गावाने एकजुटीने मोकळीक दिली. कोणत्या महिन्यात कशाला हात लावायचा नाही, हे ठरवणं हाच त्या कामाचा मोठा भाग होता.

लॉन्सवाल्यांचं यावरचं म्हणणं मी ऐकलं आहे आणि ते टाकून देण्यासारखं नाही. लॉन्स हा तालुक्याच्या गावातला धड चालणारा एक धंदा आहे. त्यावर आचारी, मंडपवाले, वाजंत्री, फुलवाले, माळी अशी किती तरी घरं चालतात. वरमाय जागा बघायला येते तेव्हा हिरवं बघूनच तारीख पक्की होते. शिवाय गवतामुळे हवा गार राहते, धूळ बसते. हे सगळं मान्य. पण गारव्याचाच विचार केला तर एका मोठ्या कडुनिंबाची सावली खाली बसलेल्या माणसाला जेवढं सुख देते तेवढं भर उन्हातलं गवत देत नाही, आणि तो कडुनिंब एकदा लागला की पाणी मागत नाही. लग्नं बहुतेक संध्याकाळी लागतात. उरलेला वेळ त्या चौकोनावर कोणी पाऊलही ठेवत नाही. प्लास्टिकचं गवत हा तर उपायच नव्हे. मेच्या दुपारी ते 60 अंशांच्या वर तापतं, त्यावर पोराचा पाय भाजतो, पावसाचं पाणी त्याखालच्या मातीशी बोलत नाही, आणि काही वर्षांत त्याचे हिरवे तंतू सुटून नाल्यात जातात. पाणी वाचवायचं म्हणून ते घेणारे लोक पुढे ते थंड करायला त्यावरच पाणी मारतात.

मला वाटतं, लॉन्सना फडाचा नियम लावावा. एका एकरातला पाव भाग उन्हाळ्यात हिरवा ठेवायचा, व्यासपीठापुढचा, फोटोत येणारा. तोही स्वयंपाकघराच्या आणि हात धुण्याच्या पाण्यावर, तेल-खरकटं गाळून. बसण्याची जागा मुरमाची, कडेने कडुनिंब आणि करंज. उरलेला भाग हरळीचा, सहा इंच उंच ठेवून नोव्हेंबरनंतर सुकू दिलेला. जिथे हिरवं ठेवायचं तिथेही रोज शिंपडण्याऐवजी आठवड्यातून एक-दोनदा खोल पाणी, पहाटेचं, म्हणजे मुळं काळ्या मातीत उतरतील आणि पान दिवसभर कोरडं राहील. नगरपंचायतीने परवानगी देताना बोअरची खोली, मेमधला उपसा आणि पाऊस मुरवण्याची सोय लिहून घ्यावी. टँकर सुरू झालेल्या वर्षी हिरवा पावही बंद. हे एकट्या लॉन्सवाल्याने केलं तर त्याची गिऱ्हाइकं शेजाऱ्याकडे जातील, म्हणून नियम सर्वांना एकाच दिवशी लागू व्हायला हवा. पाटकऱ्याचा शब्द सगळ्या फडावर सारखाच चाले.

शाळांची मैदानं तर उद्या सुरू करता येतील. मृगाचा पाऊस जिरला की बांधावरून उपटलेल्या हरळीच्या काश्या, ज्या शेतकरी एरवी जाळतो, त्या वीत-वीत अंतरावर टोचायच्या. लाल माती नको, बियाण्याचं पाकीट नको. पहिली दोन वर्षं पावसाळ्यात मैदानाचा एक एक भाग आळीपाळीने बंद ठेवायचा आणि त्या वेळी मुलांनी दुसऱ्या भागात खेळायचं. कापायचं ते उंच ठेवून, आणि कापलेलं गावातल्या गोठ्यांना द्यायचं. एप्रिलमध्ये परीक्षा चालू असतील तेव्हा मैदान पिवळं असेल, आणि मुलांना जीवशास्त्राच्या तासाला बाहेर नेऊन खुरप्याने एक काशी वर काढून दाखवायला तो महिना सगळ्यांत चांगला आहे.